बाळाला लघवी कधी झाली?

(राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतीनिमित्त कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शाहू महाराजांच्या स्मृतीसाठी आरोग्यावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मी लहान मुलांच्या किडनीचा विषय मागून घेतला. विषय ऐकून दोघा-तिघांनी विचारलं, "डॉक्टर, एवढ्याशा पोरांना कुठं किडनीचा आजार होतो?" होतो. आणि या विषयाचं महाराजांशी नातं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला, तेव्हा महाराजांनी तो फक्त वैद्य-डॉक्टरांवर सोपवला नाही. वस्ती मोकळी करून माणसं बाहेर झोपड्यांत हलवली. साथ रोखणं हे दरबाराचं काम आहे, असं मानून ते केलं. मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, त्यातला मोठा भागही दवाखान्याच्या दाराबाहेरच रोखावा लागतो: दुधाच्या चरवीत, पाण्याच्या नळात आणि औषधाच्या बाटलीत.

आधी थोडं किडनीविषयी. प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. रक्त गाळून लघवी तयार करणारे हे सूक्ष्म घटक बाळ आईच्या पोटात असतानाच, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. त्यानंतर आयुष्यभर नवा एकही तयार होत नाही. वेळेआधी जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ मुळातच थोडी पुंजी घेऊन येतं. साठाव्या वर्षी माणसाची किडनी गेली तर दुःख आहेच. पण तिसऱ्या वर्षी अर्धे नेफ्रॉन गमावलेल्या मुलाला उरलेल्या अर्ध्यांवर पुढची साठ-सत्तर वर्षं काढायची असतात. म्हणून मुलांच्या बाबतीत एकेक दिवस मोलाचा.

आता मुख्य आजार. नाव लांबलचक आहे: हिमोलायटिक युरेमिक सिंड्रोम. आम्ही डॉक्टर एचयूएस म्हणतो. १९५५ साली स्वित्झर्लंडमधले डॉक्टर कोनराड गासर यांनी पाच मुलांच्या नोंदींवरून तो पहिल्यांदा मांडला. तीन गोष्टी एकदम घडतात: रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घसरतात आणि किडनी काम थांबवते. पाच वर्षांखालच्या मुलांत तो जास्त दिसतो.

घरात तो कसा दिसतो, ते सांगतो. मुलाला जुलाब सुरू होतात, दोन-तीन दिवसांत शौचातून रक्त पडू लागतं. घरचे घाबरतात, औषध आणतात. पाचव्या-सहाव्या दिवशी जुलाब ओसरतात आणि घर सुटकेचा निःश्वास टाकतं. नेमका इथेच घात होतो. आपल्या भागातली आई ओपीडीत येऊन काय सांगते? "जुलाब थांबल्यात डॉक्टर, पर पोरगं लई मलूल पडलंय." चेहरा पांढरा फटक, डोळ्यांखाली सूज, अंगावर कुठेकुठे लालसर ठिपके. मग विचारावं, "लघवी कधी झाली?" आई आठवू लागते. काल सकाळी? का परवा? जुलाबाच्या धबडग्यात लघवीकडे कुणाचं लक्षच नसतं. जुलाब सुरू झाल्यापासून पाच ते दहा दिवसांच्या या पट्ट्यात एचयूएस डोकं वर काढतो.

निदानाची पहिली पायरी महागडी नाही. बोटाएवढ्या काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. निरोगी रक्तात तांबड्या पेशी गोल, गुबगुबीत दिसतात. इथे त्या तुटलेल्या दिसतात. काही त्रिकोणी, काहींना दोन शिंगं, काही अर्धवट कापलेल्या. किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर जंतूच्या विषाने सुजलेलं असतं, त्यात रक्ताच्या बारीक गुठळ्या अडकलेल्या असतात. त्या चिंचोळ्या वाटेतून जाताना पेशी चिरल्या जातात. प्लेटलेट गुठळ्यांतच संपतात. रक्त कमी होणं, ठिपके उठणं आणि लघवी थांबणं ही तिन्ही लक्षणं एकाच जागी सुरू होतात. तालुक्याच्या गावात बसलेल्या पॅथॉलॉजिस्टने मशीनच्या आकड्यांवर न थांबता ही काचपट्टी स्वतः पाहिली, तर निदान त्याच दिवशी होतं.

हे विष येतं कुठून? १८९७ मध्ये जपानमध्ये रक्ती हगवणीची मोठी साथ आली होती. त्या साथीतून कियोशी शिगा या तरुण संशोधकाने हगवणीचा जंतू शोधला. त्याच्या नावावरून जंतूचं नाव शिगेला पडलं आणि त्याच्या विषाचं शिगा टॉक्सिन. पुढे १९८३ मध्ये टोरांटोच्या मोहम्मद कर्माली यांनी दाखवून दिलं की असंच विष तयार करणारे ई. कोलाय जंतूही मुलांमध्ये एचयूएस घडवतात. साधे ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतात आणि काही बिघडवत नाहीत. विषारी जातीचं मुख्य घर म्हणजे गाई-म्हशींसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांचं आतडं. जनावराला त्याचा काही त्रास होत नाही. म्हैस धष्टपुष्ट, दूध भरपूर, आणि शेणात जंतू. शंभरापेक्षा कमी जंतू पोटात गेले तरी मूल आजारी पडू शकतं.

आता मी ज्या विषयाला हात घालतोय, त्यावर या सभागृहात कुजबुज होणार याची मला कल्पना आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढली जाते, फेसाळ दुधाचा पेला हातात येतो. हे कोल्हापूरचं वैभव आहे. तालमीतल्या पैलवानाला धारोष्ण दुधाचं महत्त्व मी सांगायला नको. पण पेल्यात धार पडते तेव्हा कासेवरचं, शेपटीचं, हाताचं जे काही असेल तेही सोबत पडतं. थोरला गडी ते पचवून जाईल. बोट धरून आलेला तीन वर्षांचा नातू पचवेलच असं नाही. निरशा दुधातून हा आजार झाल्याच्या नोंदी जगभरात आहेत. आपल्याकडे या ई. कोलायने होणारा एचयूएस पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार कमी आढळतो, हे खरं. त्याचं काही श्रेय आपल्या आया-आज्यांच्या एका सवयीला द्यायला हवं: दूध घरात आलं की पहिल्यांदा गॅसवर चढतं. ही सवय मोडू नका, एवढंच माझं म्हणणं. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाच्या पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, म्हणजे ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवलेलं. कट्ट्यावरचं दूध घ्या, जरूर घ्या. पाच वर्षांखालच्या पोराला मात्र ते घरी नेऊन, उकळून द्या.

हा जंतू फक्त दुधातूनच येतो असं नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये अर्धेकच्चे बर्गर खाऊन सातशेंवर माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने खिम्यात हा जंतू सापडला तर तो माल भेसळीचा धरला जाईल, असा नियम केला. जपानच्या साकाई शहरात १९९६ साली शाळेच्या जेवणातून हजारो मुलांना बाधा झाली. संशय मुळ्याच्या कोवळ्या मोडांवर होता. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून साथ पसरली, आठशेंहून अधिक लोकांना एचयूएस झाला आणि पन्नासच्या वर माणसं गेली. आरोग्यदायी म्हणून लोक जे खातात, त्यातूनच हे घडलं. मोड आलेली कडधान्यं आपण उसळ करून शिजवून खातो. लहान मुलांसाठी तीच रीत बरी.

भारतात मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एचयूएसचं मुख्य कारण होतं शिगेला डिसेंट्री, म्हणजे रक्ताची आव. दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून आणि शेजारच्या बांगलादेशातून आलेल्या नोंदींत अशा मुलांचे मृत्यू पुष्कळ आहेत. ही वाट पाण्याची. मैला पाण्यात मिसळतो आणि पाणी पोटात जातं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन येणारी पंचगंगा शहराशी पोचते आणि जयंती नाल्यासारखे नाले तिला काय देतात, ते आपण रोज पाहतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं मेली. तो विषाणू वेगळा, आजार वेगळा, वाट हीच. सांडपाणी आणि पिण्याचं पाणी एकमेकांना भेटलं की पुढे कावीळ होईल, कॉलरा होईल की हगवण होऊन एखाद्या मुलाची किडनी जाईल, हे आपल्या हातात उरत नाही. याच भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेणाऱ्या राजाच्या नावाने आपण जमलो आहोत, म्हणून हे बोलणं भाग आहे.

एचयूएसचा आणखी एक प्रकार आहे, त्यात जुलाबाचा संबंध असतोच असं नाही. आपल्या रक्तात जंतूंवर तुटून पडणारी प्रथिनं असतात, त्यांना काँप्लिमेंट म्हणतात. त्यांना आवर घालायला फॅक्टर एच नावाचं दुसरं प्रथिन असतं. काही मुलांचं शरीर या फॅक्टर एचविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं. मग राखणीचं कुत्रं घरच्याच माणसांवर धावून जावं, तशी ही प्रथिनं स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर तुटून पडतात. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. अरविंद बग्गा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून पुढे आलं की भारतातल्या अशा 'अटिपिकल' एचयूएसच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत ही अँटिबॉडी असते. युरोपात हेच प्रमाण दहातल्या एकाच्या आसपास आहे. ही बहुतेक मुलं शाळकरी वयाची असतात. त्यांचा प्लाझ्मा लवकर बदलला, म्हणजे प्लाझ्मा एक्सचेंज केलं, आणि सोबत प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं दिली, तर किडनी वाचण्याची शक्यता चांगली असते. परदेशात वापरलं जाणारं एक्युलिझुमॅब हे औषध आपल्याकडच्या सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून प्लाझ्मा एक्सचेंज वेळेत होणं हीच आपली ताकद. त्यासाठी गावातल्या डॉक्टरांना संशय लवकर यायला हवा.

आणि किडनी थांबलीच तर? इथे आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. डायलिसिस म्हटलं की आता आयुष्यभराचं झालं, असं वाटतं. जुलाबानंतरच्या एचयूएसमध्ये तसं नसतं. किडनी परत चालू होईपर्यंत काही दिवस, काही आठवडे काम निभावून न्यायचं असतं. लहान बाळांसाठी त्याचा जुना, भरवशाचा मार्ग म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस. बेंबीच्या खाली पोटात एक मऊ नळी घालतात. वर टांगलेल्या पिशवीतून ग्लुकोज मिसळलेलं द्रावण नळीवाटे पोटात सोडतात. दहा किलोच्या बाळाला एका वेळी दोनशे-तीनशे मिलीलीटर. अर्धा तास ते पोटात राहतं, पोटाच्या आतल्या पडद्यातून रक्तातली घाण त्यात उतरते, मग खाली ठेवलेल्या पिशवीत ते काढून घेतात. तासाला एक फेरी. नर्स दर फेरीला आत गेलेलं आणि बाहेर आलेलं माप कागदावर लिहिते, द्रव गढूळ तर नाही ना ते उजेडात धरून पाहते. यंत्र लागत नाही, वीज गेली तरी थांबत नाही. लागतात शिकलेले हात आणि रात्रभर जागणारी माणसं.

मग उपचारासाठी नेली जाणारी मुलं मुंबई-पुण्याच्या रस्त्यात का दगावतात? उशिरामुळे. आणि उशिराचं एक कारण छापील आहे, ते सांगतो. लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनची 'नॉर्मल' मर्यादा १.२ किंवा तशीच काही छापलेली असते. ती मोठ्या माणसाची. तीन वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन असायला हवं ०.३ ते ०.५. त्याचा आकडा १.० आला, तर रिपोर्टवर कुठेही लाल खूण नसते, घरचे म्हणतात नॉर्मल आलं. प्रत्यक्षात त्या मुलाच्या किडनीचं निम्म्याहून अधिक काम बंद पडलेलं असतं. शहरातल्या सगळ्या लॅबना माझी विनंती आहे, मुलांच्या रिपोर्टवर मुलांची मर्यादा छापा. त्याला फारसा खर्च नाही.

आता औषधाच्या बाटलीकडे वळतो, कारण मुलांच्या किडनीवरचा अलीकडचा एक मोठा आघात तिथून आला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, साध्या सर्दी-खोकल्याची मुलं लघवी बंद होऊन अत्यवस्थ होऊ लागली. सर्वांत जवळचं मोठं शहर आपलं नागपूर. तिथल्या रुग्णालयांत ती आणली गेली, डायलिसिसवर ठेवली गेली. वीसहून अधिक मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. त्यांनी घेतलेल्या 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधाच्या एका बॅचमध्ये तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, ४८.६ टक्के. चालणारं प्रमाण आहे ०.१ टक्का. हे कारखान्यांत वापरायचं स्वस्त, गोडसर रसायन. यकृतात त्याचं विघटन होऊन तयार होणारं आम्ल किडनीच्या नलिकांच्या पेशी मारतं.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर अपघात म्हणता आलं असतं. १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनाने शंभरावर माणसं मेली आणि पुढच्या वर्षी तिथे नवा औषध कायदा आला. आपल्याच मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, १९८६ साली याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा जीव घेतला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध नियंत्रण, खरेदी आणि राजकारण यांची साखळी उघडी केली. १९९८ मध्ये गुरगावच्या बाजूला मुलं गेली. २०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर मुलं गेली. दर वेळी चौकशी झाली, दर वेळी अहवाल आला. ग्लिसरीनचं आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलचं प्रत्येक पिंप औषधात घालण्यापूर्वी तपासायचं, एवढा साधा नियम पाळला गेला असता तर यातले बहुतेक जीव वाचले असते. माझ्या मते हा खुनाइतकाच गंभीर गुन्हा आहे. आणि पालकांनी लक्षात ठेवावं: दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत, असं केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं. बहुतेक सर्दी-खोकला आपोआप बरा होतो.

एचयूएस आणि विषबाधा या वादळी गोष्टी. त्यांच्याहून कितीतरी अधिक मुलांत किडनीचा आजार गुपचूप येतो. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले, दुपारपर्यंत ओसरलेले, लघवीला फेस: हा नेफ्रॉटिक सिंड्रोम असू शकतो. यातली बहुतेक मुलं स्टिरॉइडने बरी होतात. आजार पुन्हा पुन्हा उलटतो, म्हणून औषध मध्येच सोडायचं नाही. घसा दुखून गेल्यावर किंवा खरूज पिकल्यावर दोन-तीन आठवड्यांत लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली, तर रक्तदाब मोजून घ्या. मुलगा जन्मल्यापासून लघवी थेंबथेंब करत असेल, धार लांब जात नसेल, तर मूत्रमार्गात पडदा असू शकतो. तो शस्त्रक्रियेने काढता येतो. वारंवार कारण नसलेला ताप येत असेल तर लघवी तपासा. तीन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा, मुलाच्या दंडाला साजेल अशा पट्ट्याने मोजायला हवा. एचयूएसमधून बरं झालेल्या मुलाचाही रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन पुढे अनेक वर्षं तपासत राहावं लागतं; नुकसान कधीकधी दहा वर्षांनी वर येतं.

खर्चाची चिंता अनेकांना घरीच थांबवते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनीच्या उपचारांचा समावेश आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणची डायलिसिसची खाट बहुधा साठ किलोच्या माणसासाठी मांडलेली असते. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात चोवीस तास मुलांच्या मापाची नळी, द्रवाच्या पिशव्या आणि ती नळी घालू शकणारे डॉक्टर असावेत, ही मागणी आपण नागरिक म्हणून लावून धरायला हवी. कोल्हापूरला मागण्या लावून धरता येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

शेवटी कामाचं चार वाक्यांत सांगतो. मुलाला जुलाब झाले तर ओआरएस आणि झिंक द्या. जुलाब बंद करण्याची गोळी मनाने देऊ नका. शौचातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि अँटिबायोटिक द्यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. जुलाब थांबल्यावरही आठवडाभर लघवीवर नजर ठेवा: तान्ह्या बाळाने सहा-आठ तास, मोठ्या मुलाने दहा-बारा तास लघवी केली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. आणि माझ्या डॉक्टर बंधू-भगिनींनो, केसपेपरवर ताप आणि वजन लिहिता, त्याच्या खालीच आणखी एक ओळ लिहायला सुरुवात करा: शेवटची लघवी किती वाजता. उद्याच्या ओपीडीपासून.